बायोस्टॅटिस्टिक्स म्हणजे पातळ केलेलं संख्याशास्त्र?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संख्याशास्त्रात पदवी झाली आहे आणि मास्टर्ससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक नेहमीचा संख्याशास्त्र विभाग, दुसरा पब्लिक हेल्थ स्कूलमधला बायोस्टॅटिस्टिक्स (म्हणजे आरोग्य आणि वैद्यकीय संशोधनासाठीचं संख्याशास्त्र) विभाग. तुमचे सर म्हणतात, बायोस्टॅटिस्टिक्स म्हणजे पाणी घालून वाढवलेलं संख्याशास्त्र, डॉक्टरांना टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची साधी तुलना) करून द्यायचं काम. तुम्हाला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. शिवाय गणित किती लागेल, मास्टर्सवर थांबावं की पीएचडी करावी, आणि कोडिंग फारसं येत नाही त्याचं काय, हेही विचारलंय.

मी अशाच एका विभागात शिकले. नंतर वीसेक वर्षं क्लिनिकल ट्रायल आणि निरीक्षणात्मक अभ्यासांवर (ज्यांत उपचार संशोधक ठरवत नाही, फक्त नोंदी पाहतो) काम केलं, मधली काही वर्षं प्रवेश समितीवरही होते. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

सरांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. काही अभ्यासक्रम खरोखर पातळ असतात, ते कसे ओळखायचे ते पुढे सांगते. पण विषय पातळ नाही. कॅप्लान-मायर आलेख, म्हणजे किती जण किती काळ जिवंत राहिले ते दाखवणारा, तुम्ही शिकला असाल. तो लेख १९५८ सालचा. एडवर्ड कॅप्लान त्याआधी बेल लॅब्जमध्ये समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतात याच्या मागे होते, आणि पॉल मायर जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्करोगाच्या रुग्णांचा डेटा बघत होते. दोघांची अडचण एकच होती. अभ्यास थांबवायची वेळ आली तेव्हा काही ट्यूब अजून चालूच होत्या, काही रुग्ण अजून जिवंत होते. ‘निदान इतके दिवस तरी’ एवढीच माहिती हातात असेल तर ती टाकूनही देता येत नाही आणि पूर्ण असल्यासारखी वापरताही येत नाही. दोघांनी आपापली उत्तरं स्वतंत्रपणे काढली आणि त्यांना मिळून एकच लेख लिहायला सांगण्यात आलं. पुढे १९८६ साली लियांग आणि झेगर यांनी जीईईची पद्धत मांडली, तीही जॉन्स हॉपकिन्सच्या बायोस्टॅटिस्टिक्स विभागातूनच. एकाच माणसाची पुन्हा पुन्हा घेतलेली मोजमापं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, मग रिग्रेशनचं (काही घटकांवरून एखाद्या परिणामाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीचं) काय करायचं, हा तो प्रश्न. आज संख्याशास्त्र विभागातही हे सगळं शिकवतात. सरांना हवं तर हे सांगा, पण वाद घालण्यात फार वेळ घालवू नका.

दोन विभागांतला खरा फरक शेजाऱ्यांचा आहे. संख्याशास्त्र विभागात तुमच्या शेजारच्या खोलीत प्रोबॅबिलिटीवाले बसतात. पब्लिक हेल्थ स्कूलमध्ये एपिडेमिऑलॉजीवाले (रोग कुणाला, कुठे, का होतात ते शोधणारे), पोषणवाले, संसर्गजन्य रोगांवर काम करणारे बसतात, आणि त्यांच्याबरोबर काही विषय शिकावेच लागतात. पहिले काही महिने याचा वैताग येतो. आपण मॉडेलबद्दल बोलायला तोंड उघडतो न उघडतो तोच पलीकडून प्रश्न येतो, ‘हे लोक आले कुठून?’ मला तेव्हा वाटायचं, यांना गणित जमत नाही म्हणून हे असले फाटे फोडतात. माझा तो समज कसा उतरला ते सांगते.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला कन्सल्टिंगचा तास असायचा. कुणी संशोधक आपला डेटा घेऊन यायचा, आम्ही विद्यार्थ्यांनी त्याला मदत करायची, आणि मागे एक शिक्षक बसलेले असायचे. एकदा एक डॉक्टर एक्सेलची फाइल घेऊन आले. निदानाची तारीख, दुसरं औषध सुरू केल्याची तारीख (बऱ्याच ओळींत रिकामी), शेवटच्या भेटीची तारीख, जिवंत की मृत. दुसरं औषध मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट करून त्यांनी आलेखही काढून आणला होता. दोन रेषांमध्ये ऐसपैस अंतर, पी-व्हॅल्यूत (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेत) दशांश चिन्हापुढे शून्यंच शून्यं. मी खूश. लगेच कॉक्स मॉडेल (इतर घटक धरून जगण्याच्या काळाची तुलना करणारं) बसवलं, त्यात वय घातलं, आजाराची पायरी घातली, त्या मॉडेलची प्रपोर्शनल हॅझर्ड्सची अटसुद्धा (दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर काळानुसार बदलू नये) तपासली. फरक जागचा हलेना.

मागे बसलेल्या बाई एपिडेमिऑलॉजीच्या. त्यांनी मॉडेलकडे पाहिलंच नाही. पहिल्या वीस ओळी छापून घेतल्या, पेन्सिल उचलली आणि एका ओळीवर टेकवली. ‘यांना दुसरं औषध कधी मिळालं?’ मी तारखा वजा केल्या. चौदाव्या महिन्यात. ‘मग या पहिल्या चौदा महिन्यांत मेल्या असत्या तर कुठल्या गटात असत्या?’

मला उत्तर यायला वेळ लागला. चौदा महिन्यांच्या आत त्यांचा मृत्यू झाला असता तर दुसरं औषध मिळालंच नसतं, म्हणजे त्या ‘न मिळालेल्या’ गटात मोजल्या गेल्या असत्या. याचा अर्थ, ‘मिळालेल्या’ गटातल्या प्रत्येकाच्या खात्यावर औषध सुरू होईपर्यंतचा काळ फुकट जमा होता. त्या काळात त्यांचा मृत्यू होणं आमच्या मांडणीत शक्यच नव्हतं. औषधाऐवजी साधं पाणी दिलं असतं तरी आलेख असाच देखणा आला असता. याला इम्मॉर्टल टाइम बायस म्हणतात. मग औषध सुरू होईपर्यंत प्रत्येक रुग्णाला ‘न मिळालेला’ आणि त्यानंतर ‘मिळालेला’ असं धरून, म्हणजे काळानुसार बदलणारा घटक म्हणून, विश्लेषण पुन्हा केलं. दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर येऊन बसल्या. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘मग आता पेपरचं काय?’

ही चूक नवशिक्यांचीच असते असं नाही. २००१ साली एक लेख गाजला होता: ऑस्कर मिळालेले नट-नट्या न मिळालेल्यांपेक्षा सरासरी जवळपास चार वर्षं जास्त जगतात. प्रतिष्ठेने आयुष्य वाढतं, असा अर्थ सगळीकडे काढला गेला. पण ऑस्कर मिळण्यासाठी तोपर्यंत जगावं लागतं, आणि ती आधीची वर्षंही विजेत्यांच्या खात्यात धरलेली होती. २००६ साली ती दुरुस्ती करून पुन्हा विश्लेषण झालं तेव्हा फरक वर्षभरावर आला, आणि तेवढा निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो.

गमतीचं उदाहरण झालं. पण रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांचं प्रकरण गमतीचं नव्हतं. मोठमोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांतून हे हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असं दिसत होतं. २००२ साली विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या ट्रायलचा १६,६०८ स्त्रियांवरचा भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण फायद्यापेक्षा धोका जास्त निघाला. पुढे काही संशोधकांनी जुना निरीक्षणांचा डेटा पुन्हा घेतला, पण या वेळी प्रश्न ट्रायलसारखाच मांडला: उपचार सुरू करणारी स्त्री विरुद्ध सुरू न करणारी, आणि घड्याळ सुरू होण्याचा क्षण दोघींना एकच. तसं केल्यावर दोन्ही उत्तरांतलं अंतर बरंच मिटलं. आता या विचारपद्धतीला टार्गेट ट्रायल म्हणतात आणि चांगल्या विभागांत ती रीतसर शिकवतात.

हे संख्याशास्त्र विभागात शिकता येत नाही का? येतं, पण तिथे वीस ओळी छापून पेन्सिल टेकवणारी बाई सहसा मागे बसलेली नसते.

आता गणित. मास्टर्ससाठी अनेक चलांचं कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी आणि इन्फरन्स (नमुन्यावरून निष्कर्ष काढणं) यांचा एक धड अभ्यासक्रम. यातलं कॅल्क्युलस सगळ्यांचं बरं असतं, मुलं अडकतात ती लिनिअर अल्जेब्राला. मॅट्रिक्सचे गुणाकार येतात, पण लीस्ट स्क्वेअर्स म्हणजे एका व्हेक्टरची एका प्रतलावर पडलेली सावली, हे चित्र डोक्यात नसतं. ते नसलं की रिग्रेशनचा प्रत्येक निकाल पाठ करावा लागतो. पीएचडीचा विचार असेल तर रिअल अ‍ॅनालिसिस आत्ताच करा. समित्या त्याचे गुण पाहतात, आणि ते योग्यच आहे, कारण दुसऱ्या वर्षाच्या थिअरीत प्रत्येक पानावर अभिसरण (कन्व्हर्जन्स) असतं.

तुमची तयारी कितपत आहे हे तुमचं तुम्हालाच तपासायचं असेल तर एक करा. लॉजिस्टिक रिग्रेशनचं लाइकलिहुड कोऱ्या कागदावर लिहा, लॉग घ्या, डेरिव्हेटिव्ह घ्या. शेवटी एक्स ट्रान्सपोज गुणिले वाय वजा म्यू बरोबर शून्य एवढंच उरायला हवं. ते सरळ सुटत नाही म्हणून न्यूटन-रॅफसन ही टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ जाणारी पद्धत लागते. ते आर या संगणकभाषेत पंधरा-वीस ओळींत लिहा आणि आलेलं उत्तर तयार जीएलएम फंक्शनच्या उत्तराशी चौथ्या दशांशापर्यंत जुळतं का पाहा. स्टँडर्ड एररही जुळवा. हे एका रविवारात झालं तर पहिल्या वर्षाची काळजी सोडा. आठवडा लागला तरी हरकत नाही, निदान कुठे अडलं ते कळेल.

दोन वर्षांत काय काय शिकवतात ते कुठल्याही विभागाच्या माहितीपत्रकात असतं: प्रोबॅबिलिटी, इन्फरन्स, लिनिअर आणि जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल्स, सर्व्हायव्हल, लाँगिट्यूडिनल डेटा, क्लिनिकल ट्रायल, मिसिंग डेटा, आणि अलीकडे कॉझल इन्फरन्स. माहितीपत्रकात न लिहिलेला अभ्यासक्रम मात्र माणसांशी बोलण्याचा असतो. ‘सॅम्पल साइज किती घेऊ?’ हा प्रश्न तुम्ही शंभर वेळा ऐकाल. विचारणाऱ्याला पाच मिनिटांत आकडा हवा असतो. समजा, नेहमीच्या उपचाराने २० टक्के रुग्ण बरे होतात आणि नव्याने ३० टक्के होतील अशी त्यांना आशा आहे. सिग्निफिकन्स (फरक नसताना तो आहे असं म्हणण्याचा धोका) ५ टक्के, पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के धरली तर प्रत्येक गटात सुमारे २९० रुग्ण लागतात. मग ते जरा विचार करून म्हणतात, ३० म्हणजे फारच झालं, २५ धरू. झालं, आता प्रत्येक गटात साधारण १,०९०. अपेक्षित फरक निम्मा केला की रुग्ण जवळपास चौपट होतात, कारण फरकाचा वर्ग छेदात बसलेला असतो.

यावर हमखास येणारं उत्तर, ‘पण आमच्याकडे वर्षाला एकशेवीसच रुग्ण येतात.’ आणि मग सूत्र उलटं फिरवायची गळ घालतात. उलटं फिरवलं तर गटात ६० रुग्ण पुरायला नव्या उपचाराने २० चे सुमारे ४३ टक्के करून दाखवायला हवेत. तसं औषध असतं तर ट्रायलची गरजच पडली नसती. हे समोरच्याला, तो वयाने आणि हुद्द्याने मोठा असताना, न दुखावता आणि न वाकता सांगता येणं हे मी थिअरीपेक्षा उशिरा शिकले. काही जण रागावतात. काही जण तुमच्याकडून उठून दुसऱ्याकडे जातात आणि हवा तो आकडा घेऊन येतात.

आणि डेटा साफ करणं. याचा तुमच्या सरांनी उल्लेखही केला नसेल. नोकरीतला निम्म्याहून जास्त वेळ तारखा, रिकाम्या जागा, ९९९ असं लिहिलेली वयं आणि दोनदा नोंदवलेले रुग्ण यांत जातो. कंटाळवाणं आहे, पण सगळी जोखीम तिथेच असते. २०१८ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रायलचा निकाल आला होता. श्वसनाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना शिकवून, आधार देऊन त्यांच्या रुग्णालयातल्या खेपा कमी होतात, असा. नंतर लेखकांनाच सापडलं की गटांचे एक आणि दोन हे कोड बदलताना उलटे लागले होते. २०१९ मध्ये लेख मागे घेऊन दुरुस्त स्वरूपात छापला गेला आणि त्यात निष्कर्ष उलटा होता, मदत मिळालेल्या गटाच्याच रुग्णालयातल्या खेपा जास्त. लेखकांनी चूक स्वतःहून जाहीर केली याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. माझ्याकडून एकदा स्त्री-पुरुषांचे कोड असेच उलटे लागले होते. परिषदेला सारांश पाठवायच्या आदल्या रात्री लक्षात आलं, गरोदरपणाच्या रकान्यात पुरुष दिसायला लागले म्हणून. त्यानंतर कुठलाही कोड बदलला की मी जुन्या-नव्याचा क्रॉस-टेबल काढल्याशिवाय पुढे जात नाही.

मास्टर्स की पीएचडी? मास्टर्स करून औषध कंपन्या, ट्रायल चालवणाऱ्या संस्था, रुग्णालयांची संशोधन केंद्रं इथे चांगलं काम मिळतं. १९९८ च्या आयसीएच ई-नाइन या औषधांच्या ट्रायलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतच म्हटलंय की ट्रायलच्या सांख्यिकी कामाची जबाबदारी योग्य पात्रतेच्या आणि अनुभवी संख्याशास्त्रज्ञाकडे असावी, त्यामुळे या कामाला बूड आहे. पीएचडीला चार ते सहा वर्षं जातात. स्वतः नवी पद्धत काढायची ओढ असेल किंवा ट्रायलची रचना ठरवणाऱ्या टेबलाशी बसायचं असेल तरच ती करावी. ‘अजून काय करावं कळत नाही’ म्हणून पीएचडीला आलेली मुलं तिसऱ्या वर्षी फार हताश झालेली पाहिली आहेत, क्वालिफायिंग परीक्षा पार झालेली असते आणि पुढे प्रश्न कुणी हातात देत नाही. पैशाचाही हिशेब वेगळा आहे. अमेरिकन विद्यापीठांत पीएचडीला बहुधा शुल्कमाफी आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या बदल्यात विद्यावेतन असतं, मास्टर्सचा खर्च मात्र बहुतेकांना स्वतःच उचलावा लागतो. तुम्ही गोंधळलेल्या असाल तर आधी मास्टर्सच करा, आणि पहिल्याच वर्षी पीएचडीच्या इन्फरन्सच्या तासाला बसायची परवानगी मागा.

इथेच पातळ अभ्यासक्रमांची ओळख. बायोस्टॅटिस्टिक्सचा एमएस (मास्टर ऑफ सायन्स) आणि बायोस्टॅटिस्टिक्सवर भर असलेला एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) या दोन वेगळ्या पदव्या आहेत. एमपीएच ही डॉक्टर, परिचारिका, आरोग्य खात्यातले लोक यांच्यासाठी उत्तम, पण तुमच्यासारख्या संख्याशास्त्राच्या पदवीधराला ती पुरणार नाही. एमएस असला तरी विभागाला तीन गोष्टी विचारा. इन्फरन्सचे पेपर किती, आणि त्यात सिद्धता सोडवायला लावता का? पीएचडीची मुलं त्याच वर्गात असतात का? कन्सल्टिंगला खरा डेटा येतो की दरवर्षीचा तोच घासलेला? तिसऱ्याचं उत्तर विभागाकडून नको, तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीकडून घ्या.

पुढे पीएचडीसाठी अर्ज कराल तेव्हा एक लक्षात ठेवा. समितीवर असताना मी शेकडो निवेदनं वाचली. त्यांतली बहुतेक घरातल्या कुणाच्या तरी आजारपणाने सुरू होतात. दुःख खरं असतं, पण त्यावरून उमेदवार काय करू शकेल ते कळत नाही. एका मुलाने लिहिलं होतं की त्याने प्रकल्पासाठी घेतलेल्या डेटात वजनाच्या नोंदी शून्य किंवा पाच या अंकांनीच संपत होत्या, आणि त्यामुळे त्याचे निष्कर्ष किती हलतात ते त्याने तपासलं. अख्ख्या निवेदनात भावनेचा एक शब्द नव्हता. त्याचं नाव मी यादीत सगळ्यात वर लिहिलं.

कोडिंगचं शेवटी विचारलंत. येत नसलं तरी चालेल, सगळे तिथेच शिकतात. आर आधी, औषध कंपन्यांत जायचं असेल तर सॅसही. पायथन जमलं तर जमलं. सुरुवात करायला पैसे लागत नाहीत: आर फुकट आहे आणि त्याच्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये हृदय प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णांचा स्टॅनफर्डचा जुना डेटा तयार मिळतो. आधी प्रत्यारोपण झालेले आणि न झालेले असे दोन गट करून आलेख काढा. मग प्रत्यारोपणाची तारीख लक्षात घेऊन तेच पुन्हा करा, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून सरांना दाखवा.